नॅचरल कॉफीची पहिली पुडी, नागपूरच्या घरासाठी

एप्रिलात गच्चीवर वाळवणं घातलेल्या माणसाला नॅचरल कॉफी म्हणजे काय, हे फार समजावून सांगावं लागत नाही. थर जाड झाला की आतून बुरशी धरते, उलटायला उशीर झाला की एका बाजूने रंग बदलतो, अवकाळी आला की सगळं गोळा करून घरात पळावं लागतं. कॉफीच्या मळ्यात जानेवारीत हेच चालतं. फक्त कुरडयांच्या जागी लालभडक फळं असतात आणि ती दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, वाळत राहतात.

आजवर चहा किंवा दुधातली इन्स्टंट कॉफी घेतलेल्या आणि आता एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या मळ्यातली नॅचरल कॉफी मागवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या कॉफीची चव वाळवणात तयार होते. पुडी आपल्या घरी येते तेव्हा ती चव आत असते आणि आपल्याला ती फक्त सांभाळायची असते. नागपुरात ते सांभाळणं थोडं अवघड आहे. मे महिन्याचं ऊन, कूलरची ओल आणि बोअरचं जड पाणी, या तिन्हींची गाठ घालूनच इथे कॉफी करावी लागते.

आधी फळ समजून घ्या

कॉफीची बी म्हणजे फळातली बी. फळ करवंदाएवढं, पिकल्यावर लाल, काही जातींत पिवळं. वर साल, आत गोड पण अगदी पातळ गर, त्याखाली शेंबडासारखा चिकट थर, मग पार्चमेंट नावाचं कडक टरफल, त्याच्या आत चंदेरी पापुद्रा आणि मग एकमेकींना चिकटून बसलेल्या दोन बिया.

साल काढून, चिकट थर आंबवून धुऊन टाकला आणि मग बी वाळवली की ती वॉश्ड कॉफी. साल काढली पण चिकट थर ठेवून वाळवली की हनी. यात मधाचा संबंध फक्त चिकटपणापुरता. आणि काहीच न काढता अख्खं फळ वाळवलं, नंतर गिरणीत टरफल फोडून बी वेगळी केली, की ती नॅचरल. बी कित्येक दिवस सुकत्या फळाच्या पोटात राहते, फळात हळूहळू आंबण्याची क्रिया चालू असते, म्हणून कपात मनुका, जांभूळ, पिकलेली स्ट्रॉबेरी, कधी वाइनसारखी चव येते. वरून कुठलाही फ्लेवर घातलेला नसतो. येमेन आणि इथिओपियात ही पद्धत फार जुनी आहे.

आपल्याकडच्या व्यापारात याच पद्धतीचं जुनं नाव आहे 'चेरी'. अरेबिका आणि रोबस्टा हे कॉफीचे दोन मुख्य प्रकार; अरेबिका चेरी, रोबस्टा चेरी म्हणजे त्यांचा सालीसकट वाळवलेला माल. धुतलेल्या अरेबिकाला 'प्लँटेशन' म्हणतात, धुतलेल्या रोबस्टाला 'पार्चमेंट'. वर्षानुवर्षं चेरी हा खालच्या दर्जाचा माल समजला गेला, आणि त्याला कारण होतं. पिकलेली चांगली फळं पल्परला, म्हणजे साल काढायच्या यंत्राला जायची. हिरवी, अतिपिकलेली, झाडाखाली पडलेली अशी उरलेली अंगणात पसरली जायची. पल्पर नसलेला, पाणी कमी असलेला लहान शेतकरी तर सगळंच पीक तसं वाळवायचा. स्पेशालिटी, म्हणजे चाखून वरच्या दर्जाची ठरलेली, नॅचरल म्हणजे तीच जुनी पद्धत, पण निवड नेमकी उलटी: सगळ्यात पिकलेली, सगळ्यात निरोगी फळं नॅचरलसाठी ठेवायची. त्यामुळे पुडीवर किंवा पोत्यावर नुसतं 'चेरी' लिहिलेलं दिसलं तर ती स्पेशालिटी नॅचरल आहे असं समजू नका.

ही राखण मी एकदा जवळून पाहिली. चिकमंगळूर जिल्ह्यात एका कुटुंबाच्या मळ्यावर जानेवारीत दोन दिवस राहिलो होतो. घरामागे उतारावर बाजेसारख्या, पायांवर उभ्या केलेल्या जाळ्या होत्या. त्यांवर फळांचा एकेरी-दुहेरी थर. तोडलेली फळं आधी पाण्याच्या टाकीत टाकायची. जी तरंगतील ती पोचट, ती बाजूला. बाकीची जाळीवर. दिवसातून कित्येकदा हाताने उलटायची, दुपारचं ऊन कडक झालं की सावलीचं कापड ओढायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायची. घरात ओलावा मोजायचं यंत्र होतं, पण घरातल्या काकू त्याआधी जाळीपाशी यायच्या, एक काळपट सुकलेलं फळ उचलून कानाशी हलवायच्या. वाळलं असेल तर आत बी खुळखुळते. त्यांनी मधलं एक फळ माझ्या कानाशी वाजवलं, मग कडेच्या सावलीतलं एक. दुसरं मुकं होतं. "याला अजून तीन दिवस," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. जाळीवर वाकलं की मनुकांचा वास येत होता आणि त्याखाली मोहफुलं सुकताना येतो तसा एक जड गोडवा. नॅचरल कॉफीच्या पुडीत नाक घातल्यावर हाच वास शोधायचा, हे मला तिथे कळलं. बीतला ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास आला की माल पोत्यात भरून विश्रांतीला ठेवतात.

कॉफीचं झाडच पाहिलं नसेल तर चिकमंगळूर गाठायची गरज नाही. आपल्या विदर्भातच चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. हिवाळ्यात सहलीला जाल तेव्हा थांबून बघा.

मळ्याचं नाव पुडीवर येणं ही नवी गोष्ट आहे

बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिकमंगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, ही कथा तुम्ही ऐकली असेल. पण कुणाच्या मळ्यातली कॉफी आपण पितो, हे कळण्याची सोय मात्र अलीकडची आहे. १९४२ च्या कॉफी कायद्यानंतर शेतकऱ्याला आपलं पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावं लागे. तिथे सगळ्यांची कॉफी एकत्र होई. १९९० च्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सुटलं आणि स्वतःचा माल स्वतः विकण्याची मुभा मिळाली. एखाद्या कुटुंबाने आपल्या जाळ्यांवरची कॉफी आपल्या नावाने विकणं त्यानंतरच शक्य झालं. भारतातले बहुसंख्य कॉफी उत्पादक लहान शेतकरी आहेत. म्हणून पुडीवर मळ्याचं नाव दिसलं की मला ते मोलाचं वाटतं.

किमतीचं म्हणाल तर ही कॉफी बाजारातल्या पावडरीपेक्षा बरीच महाग पडते. साधारण सहा किलो पिकलेल्या फळांतून एक किलो कच्ची बी निघते, रोस्टिंगमध्ये, म्हणजे बी भाजताना, तिचं वजन आणखी १५ टक्क्यांच्या आसपास घटतं. म्हणजे २५० ग्रॅमच्या पुडीमागे पावणेदोन किलोच्या आसपास फळं, हाताने आणि एकाच झाडावरून तीन-चार वेळा फिरून तोडलेली. मला तो भाव पटतो.

पुडीवर काय वाचायचं

रोस्टची तारीख. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण ही वाचा. नुसती 'एक्स्पायरी' दिलेली असेल आणि रोस्टची तारीख नसेल, तर ती पुडी पहिल्या खरेदीसाठी घेऊ नका.

मग मळ्याचं नाव, गाव किंवा जिल्हा, हंगाम, समुद्रसपाटीपासून उंची, जात आणि प्रक्रिया. जातींत आपल्याकडे एस ७९५, सिलेक्शन ९, चंद्रगिरी ही अरेबिकाची नावं दिसतील. पहिल्या पुडीला जातीचा फार विचार करू नका. रोस्ट लाइट ते मीडियम घ्या. डार्क रोस्टमध्ये वाळवणातून आलेली फळाची चव जळून सगळ्या कॉफ्या सारख्याच लागायला लागतात. आणि चिकोरी नाही ना, हे बघा. दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीच्या पावडरीत चिकोरी मिसळण्याची रीत आहे आणि तिचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. तिथे ती शोभते, इथे नाही.

'स्पेशालिटी' हा शब्द नुसता कौतुकाचा नाही. प्रशिक्षित चाखणाऱ्यांनी १०० पैकी ८० किंवा त्याहून जास्त गुण दिलेली कॉफी, असा त्याचा रूढ अर्थ आहे. विकणाऱ्याला गुण विचारायला संकोच करू नका. त्याहून चांगला प्रश्न म्हणजे 'किती दिवस वाळवली आणि कशावर?' ज्यांनी स्वतः वाळवली आहे ते याचं उत्तर आनंदाने आणि लांबलचक देतात.

कधी आणि किती मागवायची

२५० ग्रॅम, अख्ख्या बियांची. कपाला १५ ग्रॅम धरले तर १६ कप होतात, शिकायला तेवढे पुरतात. एक किलो स्वस्त पडते म्हणून घेऊ नका.

रोस्टनंतर लगेच पुडी फोडायचीही घाई नको. ताज्या रोस्टमध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, तो पाण्याला बीत नीट शिरू देत नाही. रोस्टपासून आठ-दहा दिवस जाऊ द्या. तिथून पुढे महिनाभर कॉफी ऐन रंगात असते.

मे महिन्यात मागवायची असेल तर काळजी घ्या. माझं एक पार्सल एकदा शनिवार-रविवार मिळून दोन दिवस कुरिअरच्या गाडीतच पडून राहिलं. बाहेर ४५ अंश, बंद गाडीत किती असेल कल्पना करा. पुडी फोडली तर फळाचा वास नाही, नुसता तेलकट, जुन्या शेंगदाण्यांसारखा वास. तेव्हापासून उन्हाळ्यात मी ऑर्डर सोमवारी निघेल अशी टाकतो आणि जिथे दिवसभर कुणीतरी घ्यायला असेल असाच पत्ता देतो. जमलं तर मार्चअखेर दोन पुड्या घेऊन एक फ्रीझरमध्ये ठेवणं सगळ्यात बरं.

घरात ठेवायची कुठे

नागपूरकरांनी ऐकायलाच हवी अशी गोष्ट कूलरची. कूलर खोली गार करतो तो हवेत पाणी सोडून. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असली तरी कूलरच्या खोलीत मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतात, आणि कॉफीही तशीच ओल ओढते. त्यात खसाच्या ताट्यांचा वास. तो मला फार आवडतो, पण कॉफीत नको. म्हणून पुडी कूलरच्या खोलीत ठेवू नका. गॅसच्या शेजारच्या फळीवर नको, मसाल्याच्या डब्यापाशी तर मुळीच नको. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट, खालचा कप्पा, ही माझी जागा.

पुडीला एकेरी झडप असेल तर हवा दाबून काढून त्याच पुडीत ठेवा आणि पुडी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. फ्रीजच्या दारात ठेवू नका. तिथे रोज दार उघडतं आणि पाण्याचे थेंब धरतात. फ्रीझर चालतो, पण एकाच अटीवर: चार-पाच दिवसांच्या लहान हवाबंद पाकिटांत भरायची, आणि पाकीट बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडायचं नाही. जुलै-ऑगस्टात तर हे डोळ्यांत तेल घालून पाळा.

दळायची कशी

दर वेळी लागेल तेवढीच, ऐन वेळी. घरातल्या मिक्सरमध्ये धणे-जिरे वाटलेले असतात, त्याचा वास कितीही धुतलं तरी उरतो. शिवाय पातं बी फोडतं, त्यामुळे थोडी पीठ होते, थोडी भरड राहते आणि कप एकाच वेळी कडूही लागतो आणि पाणचटही. हाताने फिरवायचा बर ग्राइंडर, म्हणजे जात्यासारखा दोन दातेरी भागांमध्ये दळणारा, हा या छंदातला सगळ्यात उपयोगी खर्च. महागड्या यंत्रांपेक्षा आधी तो घ्या. तो घेईपर्यंत रोस्टरकडूनच, म्हणजे बी भाजून विकणाऱ्याकडूनच, दळून घ्या, पण १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि कशात करणार ते सांगा.

पाणी

इथे बहुतेकजण चुकतात, आणि दोष कॉफीला देतात. नळाला पेंच किंवा कन्हानचं पाणी येतं, अनेक घरांत जोडीला बोअर असते. बोअरच्या जड पाण्यात फळाचा आंबटगोडपणा मरतो आणि कप खडूसारखा लागतो. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल तर ते पाणी कॉफीला घेऊ नका. दुसऱ्या टोकाला आरओचं अगदी गाळून काढलेलं पाणी. त्यातल्या कॉफीला अंगच नसतं. कॉफीसाठी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, १५० च्या आसपास असावा, ७५ ते २५० पर्यंत चालून जातं. टीडीएसचा पेन स्वस्त मिळतो, नाहीतर आरओची सर्व्हिस करायला येणाऱ्याकडून मोजून घ्या. आरओच्या पाण्याचा टीडीएस फार कमी निघाला तर त्यात गाळलेलं, उकळलेलं नळाचं पाणी थोडं मिसळा. मी तीन भाग आरओ आणि एक भाग नळ घेतो; तुमच्या वस्तीत प्रमाण वेगळं निघेल.

पहिला कप

यंत्र नको. एक झाकण बसेल असं भांडं किंवा लहान गंज, एक चहागाळणी, ग्रॅमचा वजनकाटा आणि घड्याळ. काटा नसेल तर अख्ख्या बियांचे सपाट तीन मोठे चमचे म्हणजे साधारण १५ ग्रॅम.

१. १५ ग्रॅम कॉफी जाड रव्याइतकी दळा. दळल्या दळल्या वास घ्या. नॅचरलचा अर्धा आनंद इथेच आहे.
२. २४० मिली पाणी उकळा, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा.
३. कॉफीवर एका दमात ओता, सगळी पूड भिजेल असं. झाकून चार मिनिटं ठेवा. चहासारखी गॅसवर उकळू नका. उकळली की कडवटपणा वर येतो आणि नाजूक वास वाफेबरोबर उडून जातो.
४. वर साय धरल्यासारखा थर आलेला असेल. चमच्याने दोन-तीनदा हलवा, उरलेला फेस काढून टाका.
५. आणखी चार मिनिटं तसंच राहू द्या. पूड तळाला बसते. मग भांडं न हलवता हळूच गाळा, तळाचा शेवटचा घोट सोडून द्या.

कप कडू आणि जिभेला कोरडा लागला तर पुढच्या वेळी दळण जाड करा. नुसता आंबट आणि पातळ लागला तर बारीक. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही. हे हातात बसलं की ड्रिपर (कपावर ठेवायचा गाळणीचा शंकू) आणि फिल्टर पेपर घ्या: तेच १५ ग्रॅम, थोडं बारीक दळण, आधी ४० मिली पाणी घालून ४० सेकंद फुगू द्यायचं, मग उरलेलं हळूहळू गोल फिरवत, एकूण तीन मिनिटांच्या आसपास. कप अधिक स्वच्छ लागेल.

चाखताना

साखर, दूध काही न घालता प्या आणि निवू द्या. कढत कॉफीत फारसं काही कळत नाही. कोमट झाली की फळ पुढे येतं, आणि शेवटचे दोन घोट बहुतेक वेळा सगळ्यात गोड लागतात. आंबटपणाने दचकू नका. नागपूरच्या माणसाला आंबटगोड शिकवायला नको. डिसेंबरातली चांगली संत्र्याची फोड जशी आंबट असते पण तोंड वाकडं होत नाही, तसा आंबटपणा हवा. आंबटाच्या मागे गोडी आली पाहिजे.

व्हिनेगरसारखा टोचणारा, ओल्या गोणपाटासारखा किंवा बुरसट वास आला तर मात्र वाळवणात चूक झाली आहे: थर जाड राहिला, उलटायला उशीर झाला किंवा रात्री दव लागलं. ही चूक तुमची नव्हे. रोस्टची तारीख लिहून मळ्याला किंवा रोस्टरला सरळ कळवा. मन लावून काम करणाऱ्यांना असं पत्र हवंच असतं.

दुधाबद्दल माझं मत ठाम आहे. निदान पहिले दहा कप काळेच घ्या. लाइट रोस्टच्या नॅचरल अरेबिकात दूध घातलं की फळाची चव नासल्या दुधासारखी भासू शकते. दुधातलीच कॉफी हवी असेल तर थोडी गडद रोस्ट केलेली नॅचरल रोबस्टा मागवा, तिला दूध पेलतं.

दुसरी पुडी

दुसऱ्या वेळी त्याच मळ्याची, त्याच जातीची वॉश्ड कॉफी मिळते का विचारा आणि दोन्ही १००-१०० ग्रॅम घ्या. सकाळी, नाश्त्याच्या आधी, दोन सारखी फुलपात्रं मांडा. वजन, दळण, पाणी, वेळ सगळं एकच ठेवा. आधी वॉश्डचा घोट घ्या, मग साधं पाणी, मग नॅचरलचा. घरातल्या कुणाला तरी फुलपात्रांची जागा बदलायला सांगा आणि न बघता पुन्हा चाखा. झाड तेच, माती तीच, तोडणारे हातही तेच. दोन घोटांत जो फरक जाणवेल, तो जाळीवरच्या त्या वीस-पंचवीस दिवसांचा.